रामटेके मॅडमकडे ‘आराम’ चालत नसे

अन्याय झाला तो ताराबाई निमजे यांच्यावर. राहणार उमरेड, वय पन्नाशीच्या पुढे, काम मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटण्याचं. तो झाला मारबतीच्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास, नागपुरातल्या एका दवाखान्यात, मोडलेल्या उजव्या कोपराचं प्लास्टर निघाल्यानंतरच्या पाच मिनिटांत.

बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर ईडापीडा हाकलायला रस्त्यावर उतरतं. मारबत, म्हणजे त्या ईडापीडेचा भला मोठा पुतळा, निघाली की रस्ते बंद. त्यामुळे डॉक्टरांना घाई होती, नर्सला घाई होती, बस गाठायची म्हणून निमजे मंडळींनाही घाई होती. निघता निघता ताराबाईंची सून रोशनी हिनं दारातून विचारलं, ‘‘आराम किती दिवस, साहेब?’’

तिला विचारायचं होतं, हात किती दिवस न हलवता ठेवायचा. पण आमच्याकडे ‘आराम’ या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक आराम पडून राहण्याचा. दुसरा दुखणं उतरण्याचा: ‘‘कसं आहे आता, आराम आहे काय?’’ ‘‘हौ जी, आराम पडला.’’ फाईल मिटता मिटता डॉक्टरांच्या कानात दुसरा गेला. ‘‘दोन-अडीच महिने तरी लागतील,’’ ते म्हणाले. उत्तर बरोबर होतं. प्रश्न वेगळा होता.

रोशनी गुणाची पोरगी. तिनं सासूचा हात अडीच महिने झोळीत ठेवला. पेला उचलू दिला नाही, केस विंचरू दिले नाहीत, घास स्वतः भरवला. शेजारपाजारच्या बायका म्हणत, सून असावी तर अशी. दिवाळीत झोळी काढली तेव्हा कोपर गंजलेल्या बिजागरीसारखं धरलं होतं. हात पोटापाशी यायचा आणि तिथंच थांबायचा. तोंड राहिलं वर, लांब.

‘याला अन्याय कसा म्हणता, गैरसमज म्हणा,’ असं मला सांगणारे पुष्कळ भेटले. माझं म्हणणं सरळ आहे. तीन वाक्यं सांगायची होती: आजपासून कोपर हलवा, असं हलवा, फिजिओथेरपीला जा. ती सांगण्यासाठी पगार घेणारा माणूस खोलीत होता. त्यानं ती सांगितली नाहीत. बाई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आपल्या हातानं जेवली नाही. याला दुसरा शब्द असेल तर कळवा.

हे सगळं मला ज्यांच्या खोलीत कळलं त्या वंदना रामटेके. फिजिओथेरपिस्ट. सगळे त्यांना रामटेके मॅडम म्हणत. हे लिखाण त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यांना ते फारसं आवडणार नाही.

मी तेव्हा रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात नुकतीच लागले होते. पत्रकं लिहिणं हे माझं काम. फिजिओथेरपीला जाताना रुग्णानं काय अपेक्षा ठेवावी, यावर एक पत्रक हवं होतं म्हणून मी मॅडमकडे गेले. बस स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खुर्च्या. मागच्या खोलीत दोन पलंग, मोठा आरसा, धरून चालायचे दोन समांतर दांडे, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी, छताला कप्पी आणि दोरी. एका फळीवर पोळपाट, बेलणं, कुलूप-किल्ली, शर्टाची बटणं लावलेला एक कापडाचा तुकडा आणि स्टीलचे पेले. मला वाटलं मॅडम इथंच स्वयंपाक करतात. ती सगळी हाताच्या सरावाची औजारं होती.

मॅडम ठेंगण्या. बाह्या दुमडलेला कुडता, पायात खेळाडूंचे बूट, केसांना एक चिमटा. थंडीत पेशंटला हात लावण्यापूर्वी चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसत. चहा बऱ्याचदा तसाच राही. ‘‘गार हात लागला की माणूस आक्रसतो,’’ म्हणत, ‘‘मग मी सांध्याशी बोलू का त्याच्या दचकण्याशी?’’

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, असं ठरलं. पण प्रत्येक पेशंट आला की त्या आधी त्याला विचारत, ‘‘ही पोरगी पत्रक लिहिते. इथं बसू देऊ की बाहेर पाठवू?’’ तो संकोचून ‘‘बसू द्या’’ म्हणाला तर त्याचा चेहरा बघत, आणि चेहरा पटला नाही तर मलाच म्हणत, ‘‘पत्रकवाली, जा वं, बाहेर हवा खाऊन ये.’’ मी नागपूरच्या मे महिन्यात बरीच हवा खाल्ली आहे.

पहिल्या भेटीत त्या उपचार करतच नाहीत असं लोकांना वाटे. निम्मा वेळ प्रश्न. कधीपासून, कशानं वाढतं, कशानं उतरतं, झोप येते का, घरात जिना आहे का, संडास कोणता, काम काय, कामावर उभं राहता की बसता. मग बघणं. चालून दाखवा, उठून दाखवा, पाठमोरे व्हा. मग मोजणं. एक पारदर्शक कोनमापक सांध्यावर ठेवून तो किती वाकतो ते त्या मोजत आणि आकडा पेशंटला सांगत. लपवून ठेवत नसत. घट्ट जीन्स घालून गुडघा दाखवायला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी विचारलं होतं, ‘‘पँट वर सरकते काय? नाही? मग गुडघा कसा पाहू जी, फोटोत?’’ त्यांच्याकडे कपाटात सैल चड्ड्या धुऊन ठेवलेल्या असत. पडदा ओढून त्या बाहेर उभ्या राहत आणि ‘‘झालं का?’’ असं विचारल्याशिवाय आत येत नसत.

आणि हात लावायच्या आधी विचारत. पहिल्यांदा नव्हे, दरवेळी. ‘‘हात लावू?’’ तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताराबाईंना ते असह्य झालं.

‘‘दरवेळी काय पुसता वं मॅडम? लग्न लावून राहिले का माह्यासंगं?’’

‘‘लग्नात कोणी पुसलं होतं का तुम्हाले?’’

ताराबाई म्हणाल्या, ‘‘नाही पुसलं.’’

‘‘म्हणून मी पुसते. ‘बस’ म्हटलं की मी थांबणार. म्हणून पाहा एकदा.’’

‘‘बस,’’ ताराबाई म्हणाल्या. मॅडमनी ताबडतोब हात उचलला. ताराबाईंना त्याची एवढी गंमत वाटली की त्या दिवशी त्यांनी उगीचच आणखी दोनदा ‘बस’ म्हणून बघितलं.

पण मी पुढे गेले. ‘आराम’ सांगायचा आहे. निमजे मंडळींची हकीकत कळल्या दिवसापासून मॅडमनी त्या खोलीत तो शब्द बंद केला. पाटी वगैरे लावली नाही. कोणी म्हणालं की त्या काम थांबवून विचारत, ‘‘कोणता?’’

कामठीचे एक काकाजी गुडघ्यांसाठी येत. जन्मभर पॉवरलूमच्या खडखडाटात उभं राहिलेला माणूस, ओरडूनच बोलायचे. ‘‘मॅडम, आराम आहे!’’

‘‘कोणता?’’

‘‘कोणता म्हणजे? आराम!’’

‘‘दुखणं उतरलं का पडून आहात?’’

‘‘पडून आहो ना बाप्पा! उठलं की दुखते, म्हणून उठतच नाही. बिल्कुल आराम!’’

‘‘म्हणून तर आराम नाही!’’ मॅडमही ओरडल्या आणि मग स्वतःच्याच नियमात अडकल्याबद्दल हसल्या. त्यानंतर काकाजी येताना दारातूनच घोषणा करत, ‘‘दुसऱ्या नंबरचा आहे जी आज, थोडा थोडा.’’ पुढच्या खोलीतल्या नव्या पेशंटांना काहीच कळत नसे.

मला हा शब्दांचा खेळ वाटला होता. मॅडमना नाही. ‘‘पाठ दुखते, पडून राहा. गुडघा दुखतो, पडून राहा. कोणी तरी प्रेमानं म्हणते, आणि माणूस पडते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘प्रेमानं जखडलेले सांधे मी जास्त पाहिले, पत्रकवाली. मारानं मोडलेले कमी.’’

त्यांचा दुसरा वैरी करंट. लोक फिजिओथेरपीला ‘शेक’ म्हणतात किंवा ‘करंट’ म्हणतात. पलंगावर पडायचं, तारा लावून घ्यायच्या, दहा मिनिटांनी घंटी वाजली की उठायचं. अशी दुकानं शहरात आहेत, मी पाहिली आहेत, आणि तिथं एकाच वेळी सहा माणसं तारा लावून पंख्याकडे बघत पडलेली असतात. कळमेश्वरच्या एमआयडीसीतला एक सुपरवायझर कंबर घेऊन आला होता. त्याला व्यायाम सांगितला तर चेहरा पडला. ‘‘मशीन नाही लावत का तुम्ही?’’

‘‘लावते ना. दुखणं थोडं दबलं तर व्यायाम सोपा जाते, त्यासाठी.’’

‘‘मग लावा की. व्यायाम मी घरी करन.’’

‘‘कराल?’’

‘‘टाइम कुठं भेटते जी!’’

मॅडमनी मशीन लावलं. पाचेक मिनिटांत लाइट गेली. तो उठून बसला, शर्ट खोचायला लागला. ‘‘लाइट गेली, उद्या येतो.’’

‘‘लाइट गेली, कंबर नाही गेली,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘ती आहे इथंच. चला, पाठीवर झोपा, पाय दुमडा.’’ त्या बिनलाइटीच्या अर्ध्या तासात तो पहिल्यांदा घामाघूम झाला. दुसऱ्या दिवशी फोन करून भांडला, अंग दुखतंय म्हणून. मॅडमनी विचारलं, कुठं दुखतंय, कसं दुखतंय, पायात कळ जाते का, मुंग्या येतात का. मग म्हणाल्या, ‘‘दुखणं दोन प्रकारचं. एक काम केल्याचं, ते एक-दोन दिवसांत उतरते. दुसरं काहीतरी बिघडल्याचं. ते सकाळी तुमच्या आधी उठते. तुमचं पहिलं आहे. दुसरं झालं तर थांबा आणि मला सांगा.’’ पुढच्या आठवड्यात तो आला, आणि मशीनकडे बघायचं टाळून थेट चटईवर गेला.

मी हे सगळं लिहून काढलं आणि पत्रकाचा मसुदा घेऊन गेले. वर मोठ्या अक्षरांत: ‘रुग्णांनो, उठा!’ मॅडमनी तो उभ्याउभ्या वाचला. शीर्षकावर बोट ठेवलं.

‘‘कसं?’’

‘‘कसं म्हणजे?’’

‘‘कसं उठायचं? उताणा माणूस झटक्यात उठला तर कमरेत भरते. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे, हाताचा टेकू घ्यायचा. ते लिही. नुसतं ‘उठा’ लिहिशील तर माझं काम वाढवशील.’’

मी रागावले होते. पत्रक म्हणजे काय व्यायामाची पुस्तिका आहे का? पण परतीच्या ऑटोत विचार करताना लक्षात आलं, आम्ही जे जे छापलं होतं त्यात ‘उठा’, ‘जागे व्हा’, ‘जाब विचारा’ असं खूप होतं. कुशीवर वळा, असं कुठंच नव्हतं.

ताराबाईंचं प्लास्टर काढलेल्या दवाखान्याचं नाव छापण्यावरूनही आमचं वाजलं. मी म्हटलं, नाव टाकते, डॉक्टरांचंही टाकते. मॅडम म्हणाल्या, ‘‘टाक. लोक त्या एका दवाखान्याले शिव्या देतील आणि बाकीच्या दवाखान्यांतून तसेच घरी जातील.’’ म्हणून इथंही नाव नाही. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही, पण खोटं आहे असंही म्हणता येत नाही.

आता ताराबाई.

पहिल्या दिवशी मॅडम प्रत्येकाला एक प्रश्न विचारत: ‘‘बरं झाल्यावर सगळ्यात आधी काय करणार?’’ ‘बरं वाटलं पाहिजे’ हे उत्तर चालत नसे. कोणी म्हणे गाडीला किक मारीन, कोणी म्हणे नातवाला उचलीन. ताराबाईंच्या वतीनं रोशनीच म्हणाली, ‘‘पोळ्या लाटायच्या आहेत ना, आई?’’

‘‘पोळ्या लाटतील दुसरे कोणी,’’ ताराबाई म्हणाल्या. ‘‘मले पंगतीत बसून जेवायचं आहे.’’

मग हळूहळू बाहेर आलं. डाव्या हातानं जेवायची लाज, म्हणून त्या लग्नाला जात नव्हत्या, बारशाला जात नव्हत्या, तेराव्यालासुद्धा जात नव्हत्या. एकदा नणंदेकडे गेल्या आणि ‘पोट बिघडलं आहे’ म्हणून पाणी पिऊन परत आल्या. घरी सून भरवायची, पण सगळ्यांच्या देखत कशी भरवणार? उन्हाळ्यात भाचीचं लग्न होतं. सख्ख्या बहिणीची पोरगी. तिथं पंगतीला बसायचं, आणि उजव्या हातानं.

मॅडमनी कोन मोजला. आकडा सांगितला. मग आपलं कोपर वाकवून दाखवलं: तुमचं इथं आहे, तोंड इथं आहे, मधे एवढं अंतर. ‘‘होईल का, हे मी आज सांगू शकत नाही. किती होते ते दोघी मिळून पाहू. इथं येणं कामाचं कमी, घरी करणं कामाचं जास्त. थोडं थोडं, दिवसातून बरेचदा. आणि कोणाले ओढू द्यायचं नाही.’’

ताराबाई उमरेडहून एसटीनं यायच्या. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर हात पुढं-मागं सरकवायचा, टेबल पुसल्यासारखा. रिकामा पेला छातीपर्यंत आणायचा. कप्पीची दोरी. ‘‘हे तर मी घरी रोज करते, याले काय व्यायाम म्हणते?’’ त्या म्हणत. ‘‘करत होत्या,’’ मॅडम दुरुस्त करत. महिन्याभरात हात पोटावरून छातीवर आला. मग गळ्याच्या खाली. कोनमापकाचा आकडा रोशनी तोंडपाठ सांगायची, मुलाच्या परीक्षेचे मार्क सांगावे तसा.

नंतर एक आठवडा त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा कोपर टम्म सुजलेलं, गरम. सोबत मुलगा सूरज, भिंतीला चिकटून. मॅडमनी हात लावला नाही. विचारलं, ‘‘कोणी ओढलं?’’

सूरज म्हणाला, ‘‘मी नेलं होतं. आमच्या तिकडं एक जण आहे, हाड बसवून देते. म्हणे एका झटक्यात मोकळं करतो. लग्न जवळ आलं ना, म्हणून...’’

‘‘किती जणांनी धरलं होतं?’’

‘‘मी खांदा धरला. त्यानं मनगट.’’

‘‘तुझी माय हँडपंप आहे काय गा?’’

मॅडमनी रागानं आवाज चढवलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. सूरज रडायला लागला. चांगला दाढीमिशीवाला, ट्रक चालवणारा माणूस. ताराबाईंनी डाव्या हातानं त्याच्या पाठीवर थापटलं आणि मॅडमवरच उखडल्या, ‘‘त्याले काहून बोलता? मी गेली ना, मले कोणी बांधून नेलं का? तुमचं थोडं थोडं, थोडं थोडं! लग्न का थोडं थोडं येते?’’

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी सूरजला पाणी दिलं, आणि त्याला, एकट्याला, समजावून सांगितलं: मोडलेलं कोपर जबरदस्तीनं ओढलं तर आतला स्नायू फाटतो, आणि कधी कधी त्या फाटलेल्या जागी हाड धरू लागतं. मांसात हाड. मग सांधा आणखी बंद. ‘‘झालंच आहे असं नाही. पण फोटो, म्हणजे एक्स-रे, काढावा लागेल. तोवर मी यांना काही करणार नाही, आणि तुम्हीही नाही.’’ हाडांच्या दुसऱ्या एका डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन लावला, नीट चिठ्ठी लिहून दिली. उपचार करणाऱ्यानं ‘आता हे माझ्या आवाक्यात नाही’ असं म्हणणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे लोक येत राहतात आणि मशीन लागत राहतं.

एक्स-रेत दिसलं, ओढल्यानं थोडं हाड धरलं होतं. सूज उतरल्यावर काम पुन्हा सुरू झालं, पण हात गळ्याच्या खाली आला आणि थांबला. एक आठवडा, दुसरा, तिसरा. आकडा हलेना. रोशनीनं तो सांगायचं सोडलं. मग एका सकाळी मॅडमनी कोनमापक खाली ठेवला आणि खुर्ची ओढून ताराबाईंच्या समोर बसल्या.

‘‘व्यायामानं कोपर आता याच्या पुढं जाईल असं मला वाटत नाही. ऑपरेशन करता येते, पण आत्ता नाही. ते हाड पिकू द्यावं लागते. नंतर केलं तर आणखी वाकेल, कदाचित. हमी नाही. त्यानंतर पुन्हा हेच सगळं, रोज. नाही केलं तर जे आहे त्यात काय बसवता येते ते मी शिकवू शकते. ठरवायचं तुम्ही. आजच ठरवा असं नाही.’’

ताराबाई भिंतीवरच्या शिडीकडे बघत होत्या. ‘‘म्हणजे जेवता नाही येत.’’

‘‘हात नाही जाणार तोंडापर्यंत. तोंड जाऊ शकते हाताकडं. मान आहे, पाठ आहे, खांदा आहे, मनगट आहे. त्यांनी काय पाप केलं?’’

‘‘मानेनं जेवू का मी? बगळ्यावाणी?’’ ताराबाई उठल्या आणि निघून गेल्या. चपला घालताना रोशनी रडत होती. त्या तिच्याकडे न बघता गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या.

चार-पाच दिवसांनी परत आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, ‘‘दाखवा, बगळा कसा जेवते.’’

मी शेवटचे ते दिवस मुद्दाम जात होते. आरशासमोर चटई, चटईवर रिकामी थाळी. खांदा किती उचलायचा, मनगट कधी वळवायचं, मान नुसती न वाकवता कमरेपासून कसं पुढं यायचं. थाळीत आधी काही नाही, मग मुरमुरे, मग पोहे. मॅडम स्वतः शेजारी बसून, आपलं कोपर पट्ट्यानं तेवढ्याच कोनात बांधून, जेवून बघत. त्यांच्या कुडत्यावर ताराबाईंपेक्षा जास्त सांडे. ‘‘तुम्हाले नाही जमत,’’ ताराबाई म्हणत, ‘‘तुमचा हात चांगला आहे ना, म्हणून.’’

मॅडमचा हात चांगला नव्हता. वर्षानुवर्षं सांधे दाबून, धरून त्यांचे दोन्ही अंगठे कामातून गेले होते. बाटलीचं झाकण उघडायला त्या माझ्याकडे देत. त्या पावसाळ्याआधी त्यांनी दोन्ही खोल्या सोडल्या आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. फोनवर बोलणं होतं, भेट नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते उमरेडला, ताराबाईंच्या भाचीच्या लग्नात. मॅडम पेशंटांच्या लग्नाला जात नसत. या लग्नाला आल्या, तेच बूट घालून. तरुण मंडळींसाठी एका बाजूला बुफे लावलेला होता; मंडपाच्या दुसऱ्या बाजूला, कूलरच्या समोर, जुन्या माणसांसाठी पंगत. ताराबाई नवं लुगडं नेसून रांगेच्या मधोमध बसल्या होत्या. कडेची जागा रोशनीनं राखून ठेवली होती. ती त्यांनी घेतली नाही.

वांग्या-आलूची भाजी आली, पुऱ्या आल्या, बुंदी आली. ते सोपं होतं, पुरीच्या तुकड्यात धरता येत होतं. मग भात आला, त्यावर वरण. त्यांनी भात कालवला. घास केला. हात वर आला, गळ्याच्या खाली आला, आणि थांबला. आजूबाजूच्या दोघीतिघींचे हात थाळीत तसेच राहिले. ताराबाई कमरेपासून पुढं आल्या, खांदा उचलला, मान झुकवली. घास तोंडात गेला. एक-दोन शितं हनुवटीला चिकटली.

पलीकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘‘तारे, एवढी काहून वाकतं वं?’’

ताराबाईंनी घास गिळला. ‘‘हा येऊन नाही राहिला वर,’’ हाताकडे बघून त्या म्हणाल्या, ‘‘तर म्हटलं आपणच जाऊ भेटाले.’’

रांग हसली. त्याही हसल्या, आणि दुसरा घास कालवायला लागल्या.

मॅडम खांबाशी उभ्या होत्या, थाळी दोन्ही तळव्यांवर तोलून. त्यातलं काही खाल्लेलं नव्हतं. मला वाटलं आता काही म्हणतील. त्यांनी वाढप्याला हाक मारली, हनुवटीनं ताराबाईंकडे दाखवलं आणि म्हणाल्या, ‘‘तिकडं भात येऊ द्या. आणखी जेवून राहिल्या त्या.’’

ताराबाईंना जे अंतर मानेनं भरून काढावं लागतं आहे, ते मारबतीच्या दिवशी तीन वाक्यांत भरून निघालं असतं. म्हणून तुम्हाला सांगते आहे, वाचणाऱ्याला, तुमचं नाव मला माहीत नसलं तरी. तुमचं किंवा तुमच्या माणसाचं प्लास्टर निघेल, ऑपरेशनचे टाके निघतील, त्या दिवशी डॉक्टर उठले तरी तुम्ही खुर्ची सोडू नका. विचारा: काय हलवायचं, कधीपासून, किती, कुठं थांबायचं, आणि शिकवणार कोण. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. कळलं असेल तर तिथंच, त्यांच्यासमोर, हलवून दाखवा. मग घरी जा.